फळांच्या क्रीमची घरच्या घरी चाचणी: तेलकट त्वचा आणि मोठे दिसणारे पोअर्स

पपई, लिंबू, आवळा, किवी, डाळिंब… तेलकट त्वचेसाठीच्या क्रीमच्या खोक्यावर यातलं एखादं फळ कापून ठेवलेलं असतंच. आत त्या फळाचा अर्क बहुतेक वेळा चिमूटभर असतो आणि चेहऱ्यावर जे सुधारतं किंवा बिघडतं ते इतर घटकांमुळे. म्हणून तपासायची ती अख्खी ट्यूब, आणि तीही क्रमाने: आधी लेबल, मग कागद, मग हात आणि सगळ्यात शेवटी अर्धा चेहरा. याला जवळजवळ दोन महिने लागतात, परिणाम पुरता पारखायचा तर आणखी तीन आठवडे. घरातलं लग्न आठवड्यावर आलं असेल तर त्या आठवड्यात नवीन काही लावूच नये.

पोअर्सकडून, म्हणजे त्वचेवरच्या बारीक छिद्रांकडून, काय अपेक्षा ठेवायची हे आधी ठरवून घ्या. पोअर उघडत नाही आणि मिटतही नाही, कारण त्याभोवती तसा स्नायूच नसतो. तो मोठा दिसतो तो तीन कारणांनी: आत तेल आणि मृत पेशी साचल्या म्हणून, तेलग्रंथी जात्याच मोठी आणि कामसू आहे म्हणून, किंवा वयाने आणि उन्हाने आजूबाजूची त्वचा सैल पडली म्हणून. पहिल्या कारणावर क्रीम चांगलं काम करू शकतं, दुसऱ्यावर थोडंफार. तिसऱ्याला सहा आठवड्यांत काहीही पुरत नाही. नाकावरचे बारीक करडे ठिपके तर बहुतेकांच्या बाबतीत ब्लॅकहेड्स नसतातच. ते सीबेशियस फिलामेंट, म्हणजे तेल बाहेर येण्याच्या वाटेतला नेहमीचा भराव. पट्टी लावून उपटले तरी महिन्याभरात पुन्हा भरतात. त्यांची मोजदाद चाचणीत धरू नका.

लेबल: एक टक्क्याची रेघ शोधा

कॉस्मेटिक्स रूल्स, २०२० नुसार एक टक्क्याहून जास्त असलेले घटक यादीत उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. त्यापुढे एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक येतात, आणि त्यांचा क्रम उत्पादक स्वतःच्या सोयीने लावू शकतो. ही रेघ यादीत आखलेली नसते, पण तिची खूण सापडते. फिनॉक्सीइथेनॉल हे परिरक्षक (क्रीम नासू न देणारं प्रिझर्व्हेटिव्ह) एक टक्क्यापेक्षा जास्त वापरत नाहीत. त्यामुळे यादीत त्याच्यानंतर जे जे येतं ते एक टक्क्याच्या आतलं. झँथन गम आणि डायसोडियम ईडीटीए हेही साधारण याच प्रमाणात असतात. फळं इथे लॅटिन नावांनी भेटतात: पपई म्हणजे कॅरिका पपाया, लिंबू म्हणजे सिट्रस लिमॉन, डाळिंब म्हणजे प्युनिका ग्रॅनॅटम, कोकम म्हणजे गार्सिनिया इंडिका. आवळा एम्ब्लिका ऑफिसिनॅलिस किंवा फायलँथस एम्ब्लिका या नावाने येतो. फळाचं नाव फिनॉक्सीइथेनॉलच्या नंतर असेल तर ते खोक्याच्या चित्रासाठी घातलंय असं धरून चाला. एवढ्यावरून क्रीम वाईट ठरत नाही, फक्त पैसे कशाचे देतोय ते कळतं.

मग काम कोण करतं? तेलकट त्वचेसाठी यादीत पाहण्यासारखी नावं थोडीच आहेत. नायसिनामाइड २ ते ५ टक्के असेल तर तेल आणि पोअर्स दोन्हींवर थोडा परिणाम अपेक्षित धरता येतो. सॅलिसिलिक आम्ल ०.५ ते २ टक्के असतं आणि ते तेलात विरघळत असल्यामुळे पोअरच्या आतपर्यंत पोचतं. फळआम्लं, म्हणजे सफरचंदातलं मॅलिक, लिंबातलं सायट्रिक, द्राक्षा-चिंचेतलं टार्टारिक, उसातलं ग्लायकोलिक, ही पाण्यात विरघळणारी आहेत. ती वरचा मृत थर सुटा करतात. यांतलं सायट्रिक आम्ल मात्र बहुतेक क्रीममध्ये नुसतं पीएच (आम्लतेचा आकडा, जितका कमी तितकी आम्लता जास्त) जुळवायला थेंबभर घातलेलं असतं, ते पाहून भुलू नका.

डायमेथिकोन आणि सिलिका यांच्याकडे वेगळं लक्ष द्या. लावल्या लावल्या चेहरा गुळगुळीत आणि मॅट दिसतो तो या दोघांमुळे: एक खाचा भरतो, दुसरा तेल शोषतो आणि प्रकाश विखुरतो. तोंड धुतलं की दोन्ही गेले. “पहिल्याच दिवशी पोअर्स गायब” या कौतुकामागे फळ नसतं. म्हणूनच या चाचणीत क्रीम लावलेल्या चेहऱ्याला गुण द्यायचेच नाहीत. गुण धुतलेल्या, उघड्या त्वचेला.

उलट बाजूला खोबरेल, कोको बटर आणि आयसोप्रोपिल मायरिस्टेट यादीत वर असतील तर तेलकट चेहऱ्यावर कोंडी होण्याची शक्यता जास्त. कोकमतेल, सिंधुदुर्ग-गोव्याकडचं भिरंडेल, घट्ट असलं तरी त्याबाबतीत बरंच सौम्य मानतात. भेगाळलेल्या टाचांवर त्याला तोड नाही, पण उन्हाळ्यात नुसतं भिरंडेल तेलकट गालांवर चोपडू नये. “नॉन-कॉमेडोजेनिक”, म्हणजे पोअर्स न बुजवणारं, या शिक्क्यावर फार विसंबू नका. पोअर्स बुजवण्याचे जे गुण जुन्या तक्त्यांत दिसतात त्यांतले बरेचसे सशाच्या कानावर घेतलेल्या चाचण्यांतून आले. माणसाच्या चेहऱ्याशी ते नेहमी जुळत नाहीत आणि तयार क्रीमच्या मिश्रणाला तर ते लागूही पडत नाहीत.

काही फळांच्या बाबतीत आधीच थांबायला हवं. रबराच्या हातमोज्यांनी किंवा फुग्यांनी खाज सुटणाऱ्यांना पपई, किवी, केळं, अ‍ॅव्होकॅडो यांचीही अ‍ॅलर्जी असू शकते. पपईचं पपेन हे एन्झाइम त्यात येतं. बिब्बा उतलेला आहे किंवा आंब्याच्या चिकाने ओठांना फोड येतात, त्यांनी आंब्याच्या सालीचा अर्क असलेलं क्रीम टाळावं, कारण आंबा, काजू, बिब्बा एकाच कुळातले. लिंबाच्या आणि बर्गमॉट या लिंबाच्याच जातीतल्या फळाच्या थंड दाबून काढलेल्या तेलात असे घटक असतात की त्यावर ऊन पडलं तर त्वचा भाजते आणि मागे महिनोन्‌महिने काळा डाग राहतो. ताजा लिंबाचा रस चेहऱ्यावर चोळणाऱ्यांचं हेच होतं, शिवाय त्याचा पीएच २ ते २.५ इतका खाली असतो.

यादीच नसलेली, बिनबॅच नंबरची, पार्लरमध्ये डबीतून काढून दिलेली “फ्रूट क्रीम” चाचणीला घेऊच नका. तीन-चार दिवसांत चेहरा गोरा, गुळगुळीत आणि मुरूममुक्त झाला तर आनंद होण्याऐवजी शंका यायला हवी. इतक्या वेगाने तसं स्टेरॉइडने होतं. बंद केल्यावर चेहरा लाल होतो, जळजळतो, आणि मुरूम दुपटीने परततात. गोरेपणाच्या डब्यांमध्ये पाराही सापडलेला आहे.

घरी वाटलेल्या पपईत किंवा लिंबाच्या रसात तयार क्रीम मिसळण्याचाही मोह नको. परिरक्षक त्या ट्यूबपुरतं मोजून घातलेलं असतं. वरून रस आणि साखर पडली की ते अपुरं पडतं आणि जंतू वाढू लागतात, वास यायच्या कितीतरी आधी.

कागद आणि काच

ही पंधरा मिनिटांची तयारी आहे. मुगाच्या दाण्याएवढं क्रीम तपकिरी कागदावर किंवा टिपकागदावर पसरा आणि २४ तास तसंच ठेवा. पाणी उडून जातं, तेल मागे राहतं. कागद उजेडासमोर धरल्यावर डाग स्वच्छ पारदर्शक दिसला आणि कडेने पसरलेला असला तर क्रीममध्ये न उडणारं तेल भरपूर आहे. शेजारी तुमच्या नेहमीच्या जेल मॉइश्चरायझरचा ठिपका ठेवला तर तुलना सोपी जाते. सिलिकॉनसुद्धा डाग पाडतात, म्हणून हा निकाल लेबलशी पडताळूनच घ्या.

दुसरा ठिपका काचेच्या वाटीतल्या पाण्यात सोडून ढवळा. दुधासारखा पसरला तर क्रीम पाण्याच्या आधारावरचं आहे. गोळा तसाच तरंगला तर तेलाच्या आधारावरचं, आणि त्याचा पीएच घरच्या पट्टीवर कळणार नाही. पाण्यात पसरणाऱ्या क्रीमचा पीएच मोजायचा असेल तर एक भाग क्रीम नऊ भाग डिस्टिल्ड पाण्यात मिसळा. औषधाच्या दुकानात मिळणारी इंजेक्शनच्या निर्जंतुक पाण्याची कुपी यासाठी उत्तम. नळाचं किंवा बोअरचं पाणी नको, त्यातले क्षार आकडा बदलतात. पट्टी ०.५ च्या टप्प्यांची घ्या. त्वचेचा स्वतःचा पीएच साधारण ४.५ ते ५.५. फळआम्लाचं क्रीम ३.५ ते ४ दाखवत असेल तर आम्ल खरंच काम करतंय. ५.५ च्या वर असेल तर “फ्रूट अ‍ॅसिड” हे नावापुरतं. ३.५ च्या खाली आला तर ते क्रीम चेहऱ्यावर रोज लावण्याजोगं नाही.

वास आणि रंग आजच टिपून ठेवा, शक्यतो फोटोसह. व्हिटॅमिन सी असलेलं क्रीम हवा लागून पिवळसर ते तपकिरी होत जातं. पाणी सुटणं, दाणे येणं, आंबूस वास, यांपैकी काहीही मधेच दिसलं तर चाचणी तिथेच संपली. रुंद तोंडाच्या डबीत बोट घालून काढण्यापेक्षा ट्यूब किंवा पंप बरा, आणि डबीच असेल तर धुतलेला चमचा वापरा. उन्हाळ्यात बंद गाडीत राहिलेली ट्यूब तपासण्यात अर्थ नाही.

हातावर सात दिवस

कानामागे एकदा लावून दुसऱ्या दिवशी “काही झालं नाही” म्हणणं पुरेसं नाही. जळजळ मिनिटांत किंवा तासांत कळते, पण अ‍ॅलर्जीची खाज एक ते तीन दिवसांनी येते, आणि नवीनच अ‍ॅलर्जी तयार होत असेल तर त्याहूनही उशिरा. कोपराच्या खळग्याजवळ, आतल्या बाजूला, दहा रुपयांच्या नाण्याएवढ्या जागेवर क्रीम दिवसातून दोनदा, सात ते दहा दिवस लावा. चेहऱ्यावर जितका जाड थर देणार तितकाच. पेनाने कडेला चार ठिपके काढले की जागा चुकत नाही. आंघोळीत ती जागा घासू नका, आणि धुतली गेली तर पुन्हा लावा. धुऊन काढायचं उत्पादन असेल तर सांगितलेला वेळ ठेवून धुवा.

आम्ल असलेलं क्रीम पहिली एक-दोन मिनिटं हलकं चुणचुणतं, ते चालेल. पाच मिनिटांनंतरही जळत असेल, लाली चार ठिपक्यांच्या बाहेर पसरत असेल, बारीक पुरळ किंवा पाणी धरलेले फोड दिसले तर धुऊन टाका. हात चांगला राहिला तर पुढच्या तीन रात्री जबड्याच्या कडेला, कानाखाली लावून बघा. हाताची त्वचा चेहऱ्यापेक्षा जाड आणि कोरडी असते, त्यामुळे हातावर पास झालेलं क्रीम जबड्यावर नापास होऊ शकतं.

ट्रेटिनॉइन किंवा अ‍ॅडापलीन लावत असाल, आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील, गेल्या आठवड्यात ब्लीच, वॅक्सिंग किंवा थ्रेडिंग केलं असेल तर चाचणी पुढे ढकला. गरोदरपणात आधी डॉक्टरांना विचारा.

अर्धा चेहरा, सहा आठवडे

खरी चाचणी हीच. या महिन्याच्या चेहऱ्याची तुलना गेल्या महिन्याच्या चेहऱ्याशी केली तर क्रीमचं काहीच कळत नाही, कारण मध्ये बरंच बदललेलं असतं. उकाडा वाढला की तेल वाढतं, पाळीच्या आधीच्या आठवड्यात चेहरा जास्त तेलकट आणि पोअर्स मोठे दिसतात, जून लागला की दमटपणा येतो. डाव्या-उजव्या गालाला मात्र हवामान, जेवण, झोप, हार्मोन्स सगळं सारखंच मिळतं. फरक राहतो तो फक्त क्रीमचा.

बाजू नाणं उडवून ठरवा. आवडत्या, चांगल्या दिसणाऱ्या बाजूला नवीन क्रीम लावण्याची ओढ सगळ्यांनाच असते. दुसऱ्या बाजूला काहीच न लावणं चुकीचं. मग तुम्ही क्रीम विरुद्ध कोरडेपणा अशी तुलना करता. तिथे साधं, बिनवासाचं, आम्ल किंवा नायसिनामाइड नसलेलं मॉइश्चरायझर लावा. दोन्ही ट्यूबवर चिकटपट्टी लावून “डावा” आणि “उजवा” लिहून ठेवा, रात्री झोपेत अदलाबदल होते. फेसवॉश तोच, दिवसातून दोनदा. सनस्क्रीन दोन्ही बाजूंना तेच, एसपीएफ ३० किंवा जास्त. फळआम्लाने त्वचा उन्हाला हळवी होते आणि थांबवल्यावरही आठवडाभर तशीच राहते. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेवर थोडीशी जळजळसुद्धा काळा डाग ठेवून जाते, त्यामुळे सनस्क्रीन टाळून ही चाचणी करूच नका. सहा आठवडे दुसरं कुठलंही नवीन सीरम, पॅक, स्क्रब नाही. एका कुशीवर झोपण्याची किंवा फोन एकाच कानाला लावण्याची सवय असेल तर तसं लिहून ठेवा.

प्रमाण अर्ध्या चेहऱ्याला अर्ध्या वाटाण्याएवढं. नाकाच्या मधोमध सीमा माना आणि सीमेजवळचं एक बोटभर अंतर निकालातून वगळा, कारण तिथे दोन्ही क्रीम मिसळतात. आम्लाचं क्रीम पहिले दोन आठवडे एक रात्र आड, काही त्रास नसेल तर तिसऱ्यापासून रोज रात्री. आम्ल नसलेलं क्रीम पहिल्यापासून रोज रात्री चालेल. सकाळी तोंड धुऊन दोन्ही बाजूंना फक्त सनस्क्रीन.

रविवारी सकाळी मोजमाप. तोंड धुवा, २० मिनिटं थांबा, मग फोटो. खिडकीसमोर, थेट ऊन नको. दर वेळी त्याच तासाला, मागच्या कॅमेऱ्याने, ब्यूटी फिल्टर आणि पोर्ट्रेट मोड बंद करून. गालापासून फोनपर्यंत ३० सेंटीमीटर दोरी धरा म्हणजे अंतर बदलत नाही. पोअरचा आकार अंतराने आणि प्रकाशाच्या कोनाने जितका बदलतो तितका कुठल्याच क्रीमने बदलत नाही. डावा, उजवा आणि समोरून, असे तीन फोटो. क्रीम सुरू करण्याआधीच्या रविवारचा संच सगळ्यात महत्त्वाचा, तो चुकवू नका.

त्यानंतर काहीही न लावता तीन तास घरातच थांबा. मग तेल टिपायचा कागद दोन्ही गालांवर एकाच जागी, डोळ्याच्या मध्यापासून सरळ खाली, दहा सेकंद दाबा. घासू नका. दोन्ही कागद काळ्या पाटीवर शेजारी ठेवून फोटो काढा: जितका पारदर्शक भाग जास्त तितकं तेल जास्त. पंखा आणि एसी दर रविवारी सारखेच असावेत. शेवटी प्रत्येक बाजूचे मुरूम मोजा आणि तेल, पोअर्स, लाली यांना शून्य ते चार गुण द्या. वहीत एक ओळ पुरे.

निकाल वाचताना

स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, पैसे तुम्ही भरलेले असतात. सहा रविवारांच्या डाव्या-उजव्या फोटोंच्या जोड्या अशा माणसाला दाखवा ज्याला क्रीम कोणत्या बाजूला होतं हे ठाऊक नाही, आणि प्रत्येक जोडीत कुठल्या गालाचे पोअर्स बारीक दिसतात एवढंच विचारा. सहापैकी तीन तर डोळे मिटून सांगितले तरी बरोबर येतात. शेवटच्या तीन आठवड्यांच्या तिन्ही जोड्यांत क्रीमची बाजू निवडली गेली आणि कागदांवरही तोच कल दिसला तर क्रीमने काहीतरी केलंय. पण आधीचा संचही दाखवा. कुणाचेही दोन गाल मुळात सारखे नसतात, आणि तीच बाजू सुरुवातीपासून सरस ठरत असेल तर श्रेय क्रीमचं नाही.

वेळेचा अंदाज: तेलात फरक पडायचा तर दोन ते चार आठवड्यांत दिसू लागतो, पोअर्समध्ये त्याहून उशिरा. त्वचेचा वरचा थर बदलायला साधारण चार आठवडे जातात, त्याआधी पोअर्सचा निकाल लावू नका. नेहमीच्या जागी थोडे मुरूम पहिल्या काही आठवड्यांत वाढणं सॅलिसिलिक किंवा फळआम्लामुळे होऊ शकतं. नुसत्या पपई-अर्काच्या क्रीमने ते होत असेल तर “आतली घाण बाहेर पडतेय” हे समर्थन चालणार नाही. ते क्रीम मानवत नाही. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात गालावर, जिथे कधी मुरूम येत नसत तिथे, त्वचेच्याच रंगाचे बारीक दाणे हाताला लागू लागले तर पोअर्स कोंडताहेत. कपाळावर एकाच मापाचे, खाजणारे पुरळ घोळक्याने आले, विशेषतः दमट हवेत, तर ते बुरशीजन्य असू शकतं. त्याला मुरमांची औषधं उपयोगी पडत नाहीत. आणि क्रीमच्या बाजूला कागद कोरडा पण गाल ताणलेला, चमकणारा, पाणी लागलं तरी झोंबणारा, असं असेल तर ते तेल कमी झाल्याचं लक्षण नाही, त्वचेचं संरक्षक आवरण खरवडलं गेलंय.

काही बिघडलं तर क्रीम थांबवा, साध्या पाण्याने धुवा, साधी पेट्रोलियम जेली लावा. घरातली “खाजेची ट्यूब” चेहऱ्याला लावू नका, तिच्यात बहुधा स्टेरॉइड असतं. सूज, पाणी धरलेले फोड किंवा डोळ्यांभोवती लाली असेल तर त्याच दिवशी त्वचारोगतज्ज्ञांकडे जा आणि ट्यूब, खोकं, फोटो सोबत न्या. नक्की कशाची अ‍ॅलर्जी हे त्यांच्याकडच्या पाठीवरच्या पॅच टेस्टने कळतं. पट्ट्या दोन दिवसांनी काढतात आणि वाचन पुन्हा एक-दोन दिवसांनी होतं. बॅच नंबर आणि उत्पादन परवाना क्रमांक दिसेल असा खोक्याचा फोटो असला तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रारही करता येते.

क्रीम पास झालं तर लगेच दुसऱ्या बाजूलाही लावायला घेऊ नका. आधी तीन आठवडे ते पूर्ण बंद ठेवा, दोन्ही गालांना साधं मॉइश्चरायझर, रविवारचे फोटो आणि कागद चालू. दोन्ही गाल पुन्हा सुरुवातीसारखे झाले की मग दुसरी ट्यूब विकत घ्यायला हरकत नाही. फरक तसाच राहिला तर तो क्रीमने केला असं म्हणता येणार नाही. अशा वेळी नवीन ट्यूब न घेता हीच उरलेली ट्यूब बाजू बदलून पुन्हा सहा आठवडे लावून बघा.